ठमी निघाली सिंगापूरला

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमच्या घरातली माणसे एव्हाना पाठ झाली असतील. पण गेल्या दिवाळीनंतर त्यांत एका माणसाची भर पडली आहे. जानेवारीत आम्हांला नात झाली. तिचे पाळण्यातले नाव मोठे भारदस्त आहे. पण ते उच्चारताना जीभ दोनदा वळवावी लागते, म्हणून घरात आम्ही तिला ठमी म्हणतो. हे लिहितो आहे तेव्हा गणपती नुकतेच गेले आहेत आणि ठमीला आठ महिने होत आले आहेत. खालचे दोन दात आले आहेत व त्यांची धार ती माझ्या चष्म्याच्या काडीवर पाहत असते.

त्याचे असे झाले. जुलैमधल्या एका रविवारी जेवणे आटोपत आली असताना आमचे चिरंजीव अजय यांनी घसा खाकरला. त्याने घसा खाकरला की खर्चाची गोष्ट निघणार, हे मी त्याच्या शाळेपासून पाहत आलो आहे.

"बाबा, नोव्हेंबरच्या शेवटी आठवडाभर बाहेर जाऊन यावं म्हणतोय."

"जा की. माथेरानला हवा छान असते तेव्हा."

"बाहेर म्हणजे बाहेर. परदेशी."

"आणि ठमी?"

"ठमीला घेऊनच."

झाले! माझ्या हातातला ताकाचा पेला तसाच राहिला. तान्ह्या मुलाला घेऊन विमानात बसणे, परक्या मुलखातले पाणी, परकी हवा, वेळीअवेळी झोप, त्यातून मूल आजारी पडले तर कोणत्या डॉक्टरचे दार ठोठावणार, ही सगळी प्रश्नावली मी एका दमात म्हणून दाखवली. इतकी अस्खलित म्हटली की माझे मलाच नवल वाटले. असे वाटले, हे भाषण आपण पूर्वी कधीतरी केलेले आहे. पण त्या वेळी तिकडे लक्ष दिले नाही. शेवटी तोडगा म्हणून मी उदारपणे सांगितले की तुम्ही दोघे जाऊन या, ठमीला आम्ही सांभाळू.

सूनबाई ताटाकडे पाहत होती. आमची मृणाल फारसे बोलत नाही. पण बोलते तेव्हा मुद्द्याचे बोलते. ती म्हणाली, "बाबा, जानेवारीपासून मी सकाळी आठला घराबाहेर पडणार आणि रात्री आठला परत येणार. त्याआधी मला तिच्याबरोबर आठ दिवस हवेत. आणि ते असे, की ज्यांत मला कुकर लावायचा नाही."

यावर मी काय बोलणार? पूर्वी बाळंतपणाची रजा १२ आठवडे मिळे. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन ती २६ आठवडे झाली. मृणालची ती जुलैतच संपली होती. पुढचे महिने तिने बिनपगारी काढले आहेत. त्या महिन्यांत कुकर रोज लागत होता आणि तो बहुतेक तीच लावत होती, हे माझ्या त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले. आमची सौभाग्यवती मात्र एवढा वेळ एक अक्षर बोलली नव्हती. ठमीला मांडीवर घेऊन ती मऊ भात चिवडत होती.

मग जायचे कुठे, यावर आठ दिवस खल चालला. अजयच्या मनात स्वित्झर्लंड होते. त्याला तिथल्या त्या आगगाडीने युंगफ्राउयोखच्या बर्फात जायचे होते. पण ते ठिकाण ३,४५४ मीटर उंच आहे. मृणालने आमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, तान्ह्या मुलाला दोन तासांत एवढ्या उंचीवर चढवू नका; विरळ हवेने डोके दुखले तर मोठे माणूस तसे सांगते, मूल नुसते रडते, आणि आपण म्हणतो दात येताहेत. शिवाय हिवाळ्यात तिकडची घड्याळे आपल्या साडेचार तास मागे असतात. म्हणजे ठमी पहाटे सहाला उठते ती तिथल्या घड्याळात रात्री दीडला उठणार. स्वित्झर्लंड तिथेच संपले. दुबई अजयनेच बाद केली. उंच इमारतींकडे पाहून मान दुखवून घ्यायची तर लोअर परळ जवळ आहे, म्हणाला. बालीचे नळाचे पाणी पिण्याजोगे नाही आणि पदपथ बाबागाडी चालवण्याजोगे नाहीत.

"सिंगापूर," मृणाल म्हणाली. "साडेपाच तासांचं विमान. नळाचं पाणी पिता येतं. बाबागाडी न मिटता बसमध्येही चढवता येते, २०१७ पासून तशी परवानगी आहे. आणि हवा आपल्यासारखीच दमट, म्हणजे ठमीला नवं काही नाही."

मी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरले. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, एवढे मात्र त्याआडून म्हणालो. "ठाण्याच्या माणसानं पावसाला भ्यायचं?" असे म्हणून चिरंजीवांनी ते निकालात काढले. आणि तेव्हा आमची ही प्रथमच बोलली. "सिंगापूर चांगलं आहे," एवढेच म्हणाली आणि ठमीचे तोंड पुसायला न्हाणीघरात निघून गेली.

वाचकहो, आमची ही सिंगापूरला कधीही गेलेली नाही. मी गेलो आहे. पण ती गोष्ट पुढे येईल.

मृणालने एक दोनशे पानी वही आणली. वहीच्या पहिल्या पानावर 'पासपोर्ट' असा मथळा पडला. आमच्या काळी मुलांची नावे आईबापांच्या पासपोर्टातच घालून मिळत. आता माणूस एक महिन्याचा असला तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो, तो पाच वर्षे चालतो, आणि तो असल्याशिवाय व्हिसा नाही. सिंगापूरचा व्हिसा ठमीलाही निराळा काढावा लागणार. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखलाच चालतो. तेव्हा ज्यांच्या घरी नुकताच पाळणा हलला असेल त्यांनी तो दाखला आधी घ्यावा, आणि त्यावर मुलाचे नाव व आईबापांच्या नावांची अक्षरे बरोबर आहेत ना हे तिथल्या तिथे वाचून पाहावे. आमच्या दाखल्यात मृणालच्या नावातला एक इंग्रजी 'ए' गळाला होता. तो 'ए' परत आणायला मला तीन खेपा पडल्या.

फोटोची कथा त्याहून मोठी. पार्श्वभूमी पांढरी हवी, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेले हवे, आणि चौकटीत दुसऱ्या कोणाचा हात दिसता कामा नये. या चार अटी ठमीला एकेक करून मान्य आहेत, एकदम नाहीत. फोटोवाल्याने तिला स्टुलावर बसवायचा प्रयत्न केला. अजय तिला मागून धरून पांढऱ्या चादरीखाली लपला. चादर बोलू लागलेली पाहून ठमीने जो भोकाड पसरला तो तीन दुकाने ऐकू गेला. शेवटी घरी येऊन पलंगावर पांढरी चादर अंथरली, तिला उताणी निजवली, खिडकीचा उजेड दोन्ही गालांवर सारखा पडेल असे पाहिले, आणि मृणालने वरून फोटो काढला. पहिल्या फटक्यात जमला. ज्यांच्या घरी हे काम निघेल त्यांनी स्टुडिओच्या वाटेला न जाता आधी पलंगावरच करून पाहावे. आता पुढली पाच वर्षे देशोदेशीच्या अंमलदारांनी या टकल्या, गरगरीत चेहऱ्यावरून पाच वर्षांची शेंडीवेणीवाली मुलगी ओळखायची आहे.

दुसरे पान विमानाचे. दोन वर्षांखालच्या मुलाला निराळी खुर्ची मिळत नाही. आईबापांच्या मांडीवर बसायचे आणि बहुतेक कंपन्यांत तिकिटाचा सुमारे दहावा हिस्सा भरायचा. पहिल्या रांगेच्या समोर भिंत असते, तीवर लहानसा पाळणा अडकवता येतो. पण विमानात असे पाळणे मोजके असतात, म्हणून तिकीट काढतानाच मागावा लागतो. त्याची वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची निराळी. म्हणून मृणाल ठमीला दर रविवारी वजनकाट्यावर ठेवते आणि आकडा वहीत लिहिते. विमान हेलकावे खाऊ लागले की मुलाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावे लागते, तेव्हा रात्रभर निवांत झोप मिळेल अशा भ्रमात कोणी राहू नये.

उतरताना मुले कळवळून रडतात ती हट्टाने नव्हे. हवेचा दाब बदलतो आणि कानाच्या आतली नळी लहान मुलांत अरुंद असल्यामुळे तो चटकन सारखा होत नाही. अशा वेळी मूल पाजायला घ्यावे. गिळताना ती नळी उघडते आणि कान मोकळा होतो. म्हणून ठमीला विमान सुटताना पोटभर पाजून मोकळे व्हायचे नाही, उतरायच्या वेळेपुरती भूक शिल्लक ठेवायची. बाकी प्रवाशांना हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेता येत नाही. मुलाच्या दुधाला आणि अन्नाला वाटेपुरती सवलत असते, फक्त तपासणीच्या वेळी ते काढून दाखवावे लागते.

पण मला खरे कौतुक वाटले ते घड्याळाच्या हिशेबाचे. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. मी म्हणणार होतो की मुलीची झोप बिघडेल. मृणालने वहीत दोन रकाने पाडून ठेवले होते. "ठमीला मुळीच काही बदलायचं नाही, बाबा. ती ठाण्याच्या घड्याळावरच राहील. इथं रात्री आठला निजते, तिथं साडेदहाला निजेल. इथं सहाला उठते, तिथं साडेआठला. म्हणजे आम्हांला संध्याकाळी हिंडता येईल आणि सकाळी झोपता येईल." घड्याळ पुढे नेऊन आयुष्यात प्रथमच कोणाला सकाळची झोप मिळताना मी पाहिली.

तिसरे पान डॉक्टरांचे. नवव्या महिन्याची गोवराची लस ऑक्टोबरच्या मध्याला येते. ती चुकवायची नाही, आणि निघण्याच्या तोंडावरही घ्यायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. कारण या लशीचा ताप किंवा पुरळ आला तर तो त्या दिवशी येत नाही, आठवडा-दीड आठवड्याने येतो. नोव्हेंबरची अखेर म्हणजे मध्ये सहा आठवडे मिळतात. तापाचे औषध वजनाच्या हिशेबाने किती थेंब, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतले. जीवनरक्षक क्षारांच्या पुड्या, तापमापक, बाबागाडीवर पसरायची मच्छरदाणी ही यादी झाली, कारण डेंग्यू तिकडेही आहे. विम्याचा कागद मी स्वतः वाचला. काही विम्यांत मूल किती महिन्यांचे असल्यापासून धरायचे ते ठरलेले असते आणि ती ओळ नेहमी सर्वांत बारीक अक्षरांत असते.

इथवर आले असताना माझी थोरली बहीण, अक्का, चार दिवस राहायला आली. अक्का ऐंशीच्या घरात आहे. तिने वही ऐकून घेतली आणि म्हणाली, "एवढी कागदं कशाला? बाळगुटी उगाळून मधात चाटवा, पोर मुंबईला निजेल ती सिंगापूरला उठेल." मृणालने हळूच सांगितले की वर्षाच्या आत मुलाला मध देऊ नये, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या मुलाला विषबाधा होऊ शकते. अक्का म्हणाली, "आम्ही काय मेलो?" आता या प्रश्नाला उत्तर नसते, कारण मेलेले उत्तर द्यायला येत नाहीत. लालबाग-परळच्या चाळींत गिरणीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूची गोळी देऊन निजवीत, ही अक्कानेच लहानपणी ऐकलेली गोष्ट. त्या बायांचा इलाज नव्हता, आठ-दहा तास पोराला पाहायला कोणी नव्हते. पण आजही विमानात मूल निजावे म्हणून सर्दीचे औषध पाजणारे शिकले-सवरलेले लोक आहेतच. आमच्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितले की तेवढे करू नका. त्याने श्वास मंद होऊ शकतो, आणि काही मुले तर उलट रात्रभर जागतात.

अफूवरून आठवले. हिच्या मनात सोबत अनारसे द्यायचे होते. तर सिंगापुरात खसखस नेता येत नाही! खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी, आणि अमली पदार्थांच्या बाबतीत ते राज्य भलतेच कडक. हे अजयने वाचून दाखवले तेव्हा ही म्हणाली, "बिनखसखशीचा अनारसा म्हणजे बिनकुंकवाचं कपाळ." अक्काने मान डोलावली. दोघींचे एकमत मी बऱ्याच वर्षांनी पाहिले.

आणि आता ती गोष्ट.

अक्का जायच्या आदल्या संध्याकाळी मृणाल हिला म्हणाली, "आई, तुम्हीही चला ना. मला मदत म्हणून नाही. सहलीला म्हणून." मी म्हणणार होतो की हिच्याकडे पासपोर्ट कुठे आहे. तेवढ्यात ही उठली, आतल्या गोदरेजच्या कपाटातून एक जुनी पैठणी काढली, आणि तिच्या घडीतून एक निळे पुस्तक काढून टिपॉयवर ठेवले. "हा आहे, पण मुदत संपली असेल," म्हणाली.

मुदत २००० सालीच संपली होती. पासपोर्ट १९९० चा. आतली सगळी पाने कोरी, एकही शिक्का नाही. फोटोत ही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, ठसठशीत कुंकू लावलेली. मुलांच्या नावांच्या पानावर एकच नाव होते. अजयने ते मोठ्याने वाचले, मग परत मनात वाचले.

"आई, हे माझं नाव आहे. आपण कुठं जाणार होतो?"

"सिंगापूरला," ही म्हणाली. आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून आत गेली.

१९९० च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने मला साडेतीन महिन्यांसाठी सिंगापूरला पाठवले होते. आम्ही तेव्हा दादरच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. ठरले असे होते की दिवाळी झाल्यावर हिने अजयला घेऊन तीन आठवडे यावे. तो तेव्हा साडेदहा महिन्यांचा होणार होता. पासपोर्टासाठी ही एकटी, मूल कडेवर घेऊन, रांगेत उभी राहिली होती. नवीन स्वेटर विणून झाला होता. सिंगापुरात स्वेटर लागत नाही हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आणि मी तिथून पत्र टाकले, येऊ नकोस म्हणून. इतक्या लहान मुलाला हवा मानणार नाही. मूल आजारी पडले तर परक्या देशात काय करायचे? त्यातून ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले आहे, विमानांचे काही खरे नाही. रविवारी जेवणाच्या टेबलावर जे भाषण मी अस्खलित केले ते हेच होते. पस्तीस वर्षांत त्यातले फक्त कुवेत गळले होते.

खरे कारण पत्रात नव्हते. हिचे तिकीट आणि तीन आठवड्यांचा खर्च वाचवला तर व्हिडिओ रेकॉर्डर घेता येत होता. माझ्या बरोबरचे दोघे घेणार होते. मीही घेतला, आणि मुंबईच्या विमानतळावर त्यावर जकातही भरली. चाळीतले लोक तो पाहायला दोन दिवस येत होते. १९९९ मध्ये तो भंगारवाल्याने ८० रुपयांना नेला.

पत्र टाकले त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो. शेजारी मलायी कुटुंब होते, दार उघडे होते. आत छताच्या आकड्याला एक मोठी स्प्रिंग, तिला सारोंगची झोळी आणि झोळीत मूल. आजी वाकून बोटाने टिचकी मारी आणि झोळी वरखाली डोले. आपल्याकडे झोळी आडवी हलते, तिथे उभी. मूल आमच्या अजयएवढेच असेल. मी दारातून बराच वेळ पाहत राहिलो होतो. तेव्हाही पोस्टात जाऊन तार करता आली असती.

त्या रात्री अक्का निजल्यावर मी हिला म्हणालो, "तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? पत्रात बरोबरच होतं तुमचं. मूल आजारी पडलं तर. पडलंच ना ते."

"कधी?"

"तुम्ही तिकडं असताना. गोवर झाला होता. नवव्या महिन्याची लस तापामुळं पुढं ढकलली होती, ती राहूनच गेली. पाच दिवस डोळे उघडले नव्हते त्यानं. शेजारच्या काकूंनी उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला. डॉक्टर दोनदा येऊन गेले."

"मला कळवलं का नाहीस?"

"फोन केवढा महाग होता. आणि तुम्ही तिथून काय करणार होतात?"

मला काहीतरी बोलायला हवे होते म्हणून मी म्हणालो, "म्हणजे तू आली असतीस तर तिथं आल्यावर गोवर निघाला असता."

"निघाला असता," ही म्हणाली. "पण तिथं तुम्ही होतात."

दिवा तिनेच मालवला. मी डोळे उघडे ठेवून पडून होतो. पलीकडच्या खोलीत ठमी रात्रीची एकदा उठते तशी उठली, मृणालची पावले ऐकू आली, मग सगळे शांत झाले.

दुसऱ्या दिवशी मी हिच्या पासपोर्टाचा अर्ज भरायला बसलो. जुन्या पासपोर्टाचा क्रमांक, दिल्याची तारीख, ठिकाण. अर्जात बरीच चौकशी असते. पण पाने कोरी का, हे विचारलेले नव्हते. ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात ही आणि ठमी एकाच दिवशी गेल्या. हिच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. तिथली मुलगी समजूतदार होती. म्हणाली, "आजी, घरकाम करणाऱ्या बायकांचं असंच होतं, रेषा झिजतात. हात जरा चोळा." चौथ्या खेपेस उमटले. ठमीने त्या वेळात टेबलावरचा एक कागद चावून ओला केला. जुने पुस्तक कोपरा कापून परत दिले, ते पुन्हा पैठणीच्या घडीत गेले आहे. नवे दोन्ही पासपोर्ट पुढल्या आठवड्यात एकदमच घरी आले.

मी घर सांभाळायला मागे राहतो, असे सुचवून पाहिले. मनापासून सुचवले होते. ही म्हणाली, "त्याची गरज नाही. पिशव्या कोण उचलणार?" तेव्हा मीही जाणार आहे. हिला मी काय काय दाखवणार, याची यादी मी मनात करत असतो, पण तिचा उपयोग थोडा. नदीच्या तोंडाशी मी पाहिलेला तो सिंहमुखी मासा, मर्लायन, २००२ मध्ये तिथून १२० मीटर सरकवला गेला. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर २०१२ साली नवी बाग उघडली, ती मी पाहिलेलीच नाही. जुने आहे तसे उरले आहे ते १८५९ चे वनस्पती उद्यान. तिथल्या ऑर्किडच्या बागेत आम्ही एक सकाळ काढणार आहोत. सकाळ म्हणजे साडेनवानंतरची. ठमी ठाण्याच्या घड्याळावर असणार.

हिने अनारशांचे पीठ आंबवायला तांदूळ भिजत घातले आहेत. दिवाळीच्या आधी दोन घाणे काढून पाहायचे म्हणते, खसखशीऐवजी तीळ लावून. परवा पहिला नमुना झाला. अक्काला फोनवर सांगितले तर तिने फोन ठेवून दिला. मला विचाराल तर तिळाचा अनारसा वाईट लागत नाही. जरा चिक्कीची आठवण येते एवढेच.

काल मृणालच्या वहीत विमानातल्या जागांचे पान पाहिले. पहिल्या रांगेत पाळण्यासमोर मृणाल आणि ठमी, शेजारी अजय. त्याखाली हिच्या अक्षरात एक ओळ होती : 'खिडकी : मला.' माझी जागा बरीच मागे, अगदी शेवटच्या रांगेत, स्वच्छतागृहाला लागून आहे. ती मृणालने निवडली की हिने, हे मी विचारलेले नाही.